जूनचा ड्राफ्ट

आत्या गेली तेव्हा रत्नागिरीत पहाटेचे साडेचार वाजले होते आणि न्यू जर्सीत आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. जानेवारी 2023. फोन ठेवल्यावर काकांचा पहिला प्रश्न होता, तिथी कुठली धरायची, इथली की तिथली? त्या दिवशी घरात रडण्यापेक्षा त्या प्रश्नावरच जास्त बोलणं झालं. शेवटी काकाच म्हणाले, "ती जिथे गेली तिथली धरा. तिचं घर तिकडेच होतं."

पुढची दोन वर्षं आम्ही जे कागद गोळा करत हिंडलो, त्या सगळ्यांच्या मुळाशी काकांचं हेच वाक्य होतं. माणसाचं कायमचं घर जिथे, तिथला कायदा त्याच्या पैशाअडक्याला लागतो. जमीनजुमल्याला मात्र ती जमीन जिथे असेल तिथला. आत्याची एक बाजू न्यू जर्सीतल्या एडिसनला होती आणि दुसरी आमच्या संगमेश्वर तालुक्यात, अकरा गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर.

मुंबईत नर्सिंग शिकून ती 1973 साली अमेरिकेला गेली. 1965 मध्ये तिथला कायदा बदलल्यावर आपल्याकडचे डॉक्टर आणि नर्स मोठ्या संख्येने तिकडे जायला लागले होते, त्यातलीच ती एक. लग्न केलं नाही. 1986 मध्ये कर्ज काढून एडिसनला छोटं घर घेतलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत जवळच्या ओक ट्री रोडवर साड्यांची, मिठाईची, सोन्याची दुकानं उभी राहिली. मी नऊ वर्षांची असताना, 1984 मध्ये, माझे बाबा गेले. त्या वर्षीपासून दर जूनला आत्याचा ड्राफ्ट यायचा. शाळेची फी, वह्या, रेनकोट, पुढे कॉलेज, मग बी.एड. आई ड्राफ्ट बँकेत भरायला जाताना मला सोबत न्यायची. "कुणाच्या पैशावर शिकतेयस ते डोळ्यांनी बघ," म्हणायची. त्यात टोमणा नव्हता. आईला ते माझ्या मनावर कोरायचं होतं.

निळ्या एरोग्रामवर आत्याची पत्रं यायची. शेवटी नेहमी एकच, "तुझी आत्या". कधी "आंटी" नाही, कधी नुसतं नाव नाही.

तिने मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात घर मला ठेवलं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला, तिने शेजारच्या बेनला नेमलं होतं. बेन गुजरातच्या, आत्याबरोबर तीस वर्षं एकाच हॉस्पिटलात रात्रपाळ्या केलेल्या. न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्र सिद्ध होत नाही. ते झाल्यावर बेन एकट्याच न्यू ब्रन्सविकला जाऊन आल्या. तिथे जिल्ह्याच्या ज्या अधिकाऱ्यापुढे मृत्युपत्र सिद्ध होतं त्याला सरोगेट म्हणतात. दोन साक्षीदारांनी सही करतानाच शपथपत्र जोडलेलं होतं, त्यामुळे त्यांना शोधत फिरावं लागलं नाही. बेनना एक्झिक्युटर असल्याचे छोटे दाखले मिळाले. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "दस कॉपी ली है बेटा, हर बँक को ताजी चाहिये." या बाईंशी माझं रक्ताचं नातं नाही, पण आत्याच्या अस्थी चार महिने त्यांनी स्वतःच्या देवघराशेजारी ठेवल्या होत्या आणि रोज तिथे दिवा लावत होत्या.

व्हिसा मिळून मी पोचले तेव्हा मे उजाडला होता. घर बंद होतं, पण बंद घरही खातंच. दर तिमाहीला घरपट्टी, आणि न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सगळ्यांत चढी समजली जाते. गवत वाढलं की कापून घ्यायचं. घर रिकामं आहे हे विमा कंपनीला कळवायचं, कारण रिकाम्या घराचे नियम वेगळे. बेन हे सगळं पदरचे पैसे घालून करत होत्या आणि प्रत्येक पावती एका बुटांच्या खोक्यात टाकत होत्या.

घर आवरायला मी पाच आठवडे घेतले. एखाद्या कंपनीला बोलावलं असतं तर त्यांनी दोन दिवसांत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून विकून टाकलं असतं. माझ्याने ते झालं नाही. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटात स्टीलचे डबे उतरंडीसारखे एकावर एक रचलेले. प्रत्येकावर मेडिकल टेपची पट्टी, तिच्यावर बॉलपेनने "तूरडाळ", "पोहे (जाड)", "कुळीथ पीठ". कुळथाच्या पिठाच्या डब्यात बोटभर पीठ शिल्लक होतं. मी ते हुंगलं. त्याला आमच्या आजीच्या घराचा वास होता, आणि खिडकीबाहेर मेपलची कोवळी पानं हलत होती. त्या दिवशी मी आणखी काही आवरलं नाही.

कागदांसाठी तिचं एक वेगळं कपाट होतं. फाइलींवर इंग्रजी नावं, पण आतल्या पाकिटांवर मराठी. "घरपट्टी". "लाईटबिल". "पेन्शन". "गावचं".

वकीलबाईंकडे मी बेनबरोबर गेले. तिथे पहिल्यांदा मला "वारसा कर" हा शब्द कळला. अमेरिकेचा केंद्राचा मृत्यूकर आत्याला लागत नव्हता. 2023 साली तिथल्या नागरिकासाठी माफीची मर्यादा 1 कोटी 29 लाख 20 हजार डॉलर होती, आत्याचं सगळं मिळून त्याच्या पासंगालाही पुरलं नसतं. (इथे बसून ॲपवरून अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या आपल्या मुलांना मात्र मी हे आवर्जून सांगते. जो अमेरिकेचा नागरिकही नाही आणि रहिवासीही नाही, त्याच्या तिथल्या मालमत्तेला ही माफी फक्त 60,000 डॉलरची आहे. त्यापुढे कराचा दर 40 टक्क्यांपर्यंत जातो.) पण न्यू जर्सी राज्याचा स्वतःचा वारसा कर आहे, आणि तो किती हे मेलेल्या माणसाच्या श्रीमंतीवरून ठरत नाही. घेणारा त्याचा कोण लागतो, यावरून ठरतो.

नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आई-वडील हे क्लास ए. त्यांना कर नाही. भाऊ-बहीण, सून, जावई हे क्लास सी. त्यांना पहिले 25,000 डॉलर माफ, पुढे 11 टक्क्यांपासून 16 टक्क्यांपर्यंत. उरलेले सगळे क्लास डी. मित्र, शेजारी, अनोळखी माणूस आणि भाची. पहिल्या डॉलरपासून 15 टक्के, सात लाखांच्या वर 16. एक लाख डॉलरचे पंधरा हजार. हडसन नदी ओलांडून न्यू यॉर्कमध्ये गेलं की नात्यावर बेतलेला असा कर नाही. आत्याचं घर नदीच्या या बाजूला होतं.

फॉर्मवर मृत व्यक्तीशी असलेलं नातं लिहायचा रकाना होता. मी "नीस" लिहिलं. इंग्रजीत पुतणी आणि भाची यांना मिळून हा एकच शब्द. आत्या, मावशी, काकू, मामी यांनाही एकच. आपल्याकडे नुसतं "आत्या" म्हटलं की ती बापाची बहीण, बारशाला नाव ठेवायचा मान तिचा, हे सगळं त्या दोन अक्षरांत आलेलं असतं. फॉर्मला त्यातलं काही नको होतं.

वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनी माझी हकीकत विचारली, बाबा कधी गेले, आत्या पैसे कधीपासून पाठवत होती. मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, एक वाट आहे. या राज्याच्या कायद्यात एक कलम आहे. एखाद्याने दुसऱ्याच्या मुलाला आपलं मूल मानलं, त्या मुलानेही त्याला आई किंवा बाप मानलं, हे नातं मुलाच्या पंधराव्या वाढदिवसाआधी सुरू झालं आणि पुढे सलग दहा वर्षं टिकलं, तर करापुरतं ते पोटचंच मूल. क्लास ए. कर शून्य. तुम्ही दोघी एका घरात राहिला नाहीत, त्यामुळे अवघड आहे, मान्य होईलच असं नाही. पण तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. पत्रं आहेत, ड्राफ्ट आहेत. तुम्ही शपथेवर लिहून देत असाल तर मी मांडून बघेन.

रक्कम लहान नव्हती. घराला चार लाखांच्या वर किंमत येणार होती. साठ हजारांहून जास्त डॉलर. मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. एवढी रक्कम साठवायला मला किती वर्षं लागतील याचा हिशेब मी तिथल्या खुर्चीतच मनातल्या मनात करून टाकला, हे मी कबूल करते.

त्या रात्री मी आईला फोन लावला. तिकडे सकाळ, ती अंगणात तुळशीला पाणी घालत होती, नळाचा आवाज येत होता. मी सगळं समजावून सांगितलं. आई लगेच म्हणाली, "मग लिही की. त्यात काय एवढं? आईसारखीच होती ती तुला."

"आईसारखी नाही चालणार गं. ती आईच्या जागी होती, असं लिहून द्यावं लागेल."

नळ बंद झाला. मग ती म्हणाली, "लिही. मला काही वाटणार नाही."

माझी आई खोटं बोलायला लागली की वाक्यं आखूड होतात. बाबा गेल्यानंतर तिने शिवणकाम केलं, पापडाची लाटणी केली, मला ताप आला की रात्रभर कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. ही बाई माझ्यासाठी आपली जागा सोडून द्यायला तयार होती, आणि तीही पाणी घालता घालता. मला झोप आली नाही. आत्याने कधी माझी आई व्हायचा प्रयत्न केला नव्हता. ड्राफ्टसुद्धा आईच्या नावाने यायचा, माझ्या नाही. पत्रात कायम असायचं, "वहिनीला विचारून मग ठरव." नणंद-भावजयीने हजारो मैलांवरून मला मिळून वाढवलं, पण दोघींनी आपापल्या जागा कधी बदलल्या नाहीत. ती माझी आई होती असं लिहिलं असतं तर आई खोटी पडली असती, आणि आत्याही.

दुसऱ्या दिवशी "पेन्शन"च्या मागे मला एक पाकीट सापडलं. वर लिहिलं होतं, "करासाठी". आत एक आयुर्विम्याची पॉलिसी, लाभार्थी म्हणून माझं नाव. सोबत फाडलेल्या कॅलेंडरचा एक चतकोर. त्यावर तिच्या अक्षरात हिशेब: घर, त्याची तेव्हाची किंमत, गुणिले पंधरा टक्के. खाली, "भाऊ – 25 पर्यंत माफ. भाची – डी. विम्याला कर नाही."

नाव घालून दिलेल्या विम्याच्या रकमेला न्यू जर्सीचा हा कर लागत नाही, हे वकीलबाईंनी मला नंतर सांगितलं. तेव्हाच काकांना ठेवलेल्या बरोब्बर पंचवीस हजारांचाही उलगडा झाला. तिने सगळं विचारून घेतलं होतं. मी क्लास डी असणार हे तिला माहीत होतं. तिने नात्याचं नाव बदललं नाही, त्या नावाची किंमत आधीच बाजूला काढून ठेवली. मधल्या काळात घरांचे भाव वाढले होते, त्यामुळे विम्याच्या पैशातून निम्म्याच्या आसपास कर भागला. उरलेला मी भरला. शेवटचा जूनचा ड्राफ्ट होता तो. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तो चतकोर कितीतरी वेळ हातात धरून होते.

मी वकीलबाईंना कळवलं, नातं भाचीच राहू द्या.

बाकीचं मग ठरल्या वाटेने झालं. विवरणपत्र मृत्यूपासून आठ महिन्यांच्या आत भरायचं असतं. कर चुकता होईपर्यंत घरावर राज्याचा बोजा राहतो, आणि तो 15 वर्षं राहू शकतो, म्हणून खरेदीदाराला राज्याचं ना हरकत पत्र लागतं. तोवर बँकाही खात्यातली निम्मीच रक्कम मोकळी करतात. त्या निम्म्यातून बेनचं खोकं सगळ्यांत आधी रिकामं केलं. त्या पैसे घेत नव्हत्या, वकीलबाईंनीच त्यांना बजावलं की हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. घर एका तेलुगू कुटुंबाने घेतलं. त्यांच्या मुलीने पहिल्याच भेटीत आत्याची खोली आपली म्हणून सांगून टाकली.

इथे, भारतात, वारशाने मिळालेल्या पैशावर कर नाही. आपला मृत्यूकर 1985 सालीच रद्द झाला. परदेशी राहणाऱ्याकडून वारशाने आलेलं खातं किंवा घर इथल्या रहिवाशाला तिकडेच ठेवायलाही परकीय चलनाच्या फेमा कायद्याची मुभा आहे. पण ते आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आजवर मी "सहज" फॉर्म भरत होते. परदेशात एक खातं जरी असलं तरी तो फॉर्म चालत नाही. न दाखवल्याचा दंड दहा लाख रुपये आहे. ऑक्टोबर 2024 पासून वीस लाखांपर्यंतच्या बँक खात्यासारख्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, घराला नाही. आणखी एक गोष्ट मला फार विचित्र वाटली. घर विकल्यावर नफा मोजताना अमेरिका मृत्यूच्या दिवसाची किंमत धरते. आपला कायदा आधीच्या मालकाने काय दिलं होतं ते विचारतो, म्हणजे आत्याच्या 1986 च्या खरेदीपाशी जातो. फार जुनी खरेदी असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत धरायची सोय आहे. ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं, दोन्ही बाजूंच्या जाणकारांना घर विकायच्या आधी विचारा, नंतर नको. आणि तिकडच्या माणसाला, तो हयात असताना, ओशाळून न जाता विचारा की इथल्या जमिनीचं काय लिहून ठेवलंय.

आत्याने लिहिलं नव्हतं. तिचं मृत्युपत्र फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेपुरतं होतं. "गावचं" या पाकिटात एक जुना सातबारा होता, त्याला टाचणी लावलेला कोरा कागद होता. बहुधा इथलं वेगळं मृत्युपत्र करायचं तिच्या मनात असावं. आजोबांच्या पश्चात लागलेला तिचा हिस्सा आता कुणाकडे जाणार? हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 मध्ये उत्तर आहे. आई-बापाकडून आलेली मालमत्ता असेल आणि बाईला मूलबाळ नसेल, तर ती तिच्या बापाच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे काका, आणि गेलेल्या भावाची बायको आणि लेक म्हणून आई आणि मी. न्यू जर्सीत मी "उरलेले सगळे" यांत होते. इथे मी वारस होते, पण भाची म्हणून नाही, तिच्या बापाची नात म्हणून. आत्या आणि भाची या नात्याला दोन्हीकडे स्वतःची अशी ओळ मिळाली नाही.

वारस नोंदीला मृत्यूचा दाखला लागतो. आत्याचा दाखला अमेरिकेचा, तेव्हा त्यावर ट्रेंटनहून ॲपॉस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा यासाठीचा, शिक्का मारून आणला होता. भारत 2005 पासून या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे तो शिक्का इथे चालतो. अडचण नावाची आली. सातबाऱ्यावर तिचं घरातलं नाव, पुढे आजोबांचं नाव. दाखल्यावर कागदोपत्री नाव, आडनाव आधी, वडिलांचं नाव गायब. दोन्ही एकच बाई, हे सिद्ध करायला काकांनी शाळेचा दाखला शोधून काढला. मराठी शाळेच्या रजिस्टरात, 1950च्या दशकातल्या जाड निबाच्या अक्षरात, दोन्ही नावं एकाखाली एक होती. काका सत्तरीचे आहेत. तो उतारा हातात धरून ते शाळेच्या पडवीत उभे होते आणि मला म्हणाले, "मला हिनेच सोडलं होतं पहिल्या दिवशी शाळेत. याच दारात."

त्याच आठवड्यात आम्ही संगमेश्वरला गेलो. शास्त्री आणि सोनवी जिथे मिळतात तिथे अस्थी सोडल्या. बेन व्हिडिओ कॉलवर होत्या. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते, तरी त्या अंघोळ करून, साडी नेसून बसल्या होत्या.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र झालं. आजोबांच्या नावाखाली तीन फांद्या. बाबांच्या पुढे "मयत", त्याखाली आई आणि मी. काका. आणि आत्याच्या नावापुढे "मयत, अविवाहित, निर्वंश". शेवटचा शब्द मी तलाठीभाऊंना काढायला सांगितला. ते म्हणाले, "ताई, कायद्याचा शब्द आहे, लिहावा लागतो." मी म्हटलं, "'अपत्य नाही' असं लिहा. अर्थ तोच होतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, खोडून तसं लिहिलं, आणि बाजूला सही केली. मग नोटीस लागली, हरकतीचे 15 दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला.

नव्या सातबाऱ्यावर काकांचं, आईचं आणि माझं नाव आलं, आणि आत्याच्या नावाला, ते कमी झालं म्हणून, कंस झाला. ऑनलाइन उतारा पंधरा रुपयांत निघतो. फेरफार व्हायच्या आदल्या दिवशी मी एक काढून घेतला होता, तिचं नाव कंसाशिवाय असलेला. तो "करासाठी" लिहिलेल्या पाकिटात, कॅलेंडरच्या चतकोराशेजारी ठेवलाय. पाकीट आईच्या कपाटात आहे, ड्राफ्टच्या जुन्या काउंटरस्लिपा जिथे आहेत तिथेच. तिने त्या सगळ्या जपल्यात हे मला त्या दिवशी कपाट उघडल्यावर कळलं. 1984 पासूनच्या, वर्षवार, रबर लावून.